भोगीची चटई

शेषगिरी राव तीन वर्षं एकच गोष्ट सांगत होते. तीन वर्षं लोक ती ऐकून घेत, त्यांना कॉफी पाजत आणि बसथांब्यापर्यंत सोडायला येत. गोष्ट साधी होती. भात कापून झाल्यावर शेतात जो पेंढा पडतो तो जाळू नका. ऐकणारे मान डोलवत, रावांच्या हातातलं पत्रक दोन्ही हातांनी घेत, नीट घडी करून खिशात ठेवत. पोंगलचा सण झाला की आठवडाभरात त्याच शिवारातून धूर निघे.

राव मूळचे कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. ऐकणारा झोपला तरी बोलणाऱ्याने थांबायचं नाही, ही सवय तिथलीच. निवृत्तीनंतर नुंगंबाक्कमच्या एका संस्थेने त्यांना बोलावून घेतलं आणि चेन्नईच्या उत्तरेला, पोन्नेरीकडची काही गावं त्यांच्या गळ्यात घातली. त्यातल्या एका गावासाठी तर त्यांच्याइतका लायक माणूस मिळणारच नव्हता. त्या गावात ज्याच्या शब्दाला वजन होतं तो अठरा एकरांचा हंबीरराव मराठी बोलत असे. त्याचे पूर्वज तंजावरच्या मराठ्यांच्या फौजेत होते. फौज गेली, राज्य गेलं, पण घरातली भाषा राहिली. रावांचंही घराणं तंजावरचंच. दोघं भेटले की ती जुनी, तमिळ हेलातली मराठी बोलत आणि दोघांनाही बरं वाटे. पण बरं वाटणं आणि पटणं यांत फरक असतो.

पहिल्या वर्षी राव पेंढा कुजवणारं औषध घेऊन गेले. पाण्यात कालवायचं, शिंपडायचं, महिन्याभरात पेंढ्याची माती होते. हंबीररावाने पुडी उलटसुलट करून पाहिली.

"महिना? सर, पंधरा दिवसांत जमिनीची ओल जाते. उडीद कशांत पेरूं, या पुडींत?"

दुसऱ्या वर्षी राव अळंब्या घेऊन गेले. पेंढ्यावर अळंबी उत्तम येते. हंबीररावाने पुरतं ऐकून घेतलं.

"अठरा एकराची अळंबी खाणार कोण, सर? तुम्ही आणि मी?"

तो हसून म्हणाला खरा, पण रावांना ते लागलं. कारण माणूस बरोबर बोलत होता. पूर्वी भात हाताने कापत, पेंढ्या बांधत, गाईगुरं वर्षभर ती वैरण खात. आता कापायला माणूस मिळत नाही. हार्वेस्टर येतो, दाणे घेऊन जातो आणि गुडघाभर धसकटं, वर विस्कटलेला पेंढा मागे टाकतो. गुरं तर निम्म्याने कमी झालेली. अशा वेळी सगळ्यात सोपं औषध काड्यापेटीत असतं.

तिसऱ्या वर्षी मात्र रावांनी पत्रक खिशातच ठेवलं आणि यंत्र शोधलं. ते पेंढा उचलून, दाबून, त्याचे गोल गठ्ठे बांधतं. गठ्ठे गोठेवाले घेतात. चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधले काचसामान नि मडकी पाठवणारे व्यापारीही पॅकिंगसाठी घेतात. यंत्राचा मालक रंगा. ट्रॅक्टर तोच चालवायचा. त्याची अट एकच होती, सलग चाळीस एकर पाहिजेत. डिझेल जाळून अठरा एकरांसाठी तो येणार नव्हता. पण हंबीररावाने हो म्हटलं की शेजारचे बावीस एकर आपोआप हो म्हणणार होते, आणि त्याने काडी लावली की संध्याकाळपर्यंत सगळं शिवार पेटणार होतं.

संस्थेचं पत्रही आलं होतं. तीन वर्षांत एक एकरही वाचलेला नाही, यंदा काही झालं नाही तर पोन्नेरीचं काम बंद. रावांनी ते पत्र घरी दाखवलं नाही. आयुष्यभर शिकवलं आणि म्हातारपणी एका माणसाला एक गोष्ट पटवता आली नाही, ही बोच त्यांना रात्रंदिवस खात होती.

कापणी झाल्यावर राव बांधावर जाऊन आले. हंबीररावाने सगळं ऐकलं, यंत्राचा फोटो पाहिला.

"भोगीला मी तुमच्या मैलापुरीं येतों," तो म्हणाला. "लेकीला सीर द्यायची आहे. तुमच्या घरीं येऊन सांगतों. शब्द द्यायचा तर घरांत बसून द्यावा, बांधावर नव्हे."

सीर म्हणजे पोंगलला माहेरून लेकीबहिणींना जाणारा अहेर. नवे तांदूळ, गूळ, ऊस, हळदीचं रोप, लुगडं. हंबीररावाची मुलगी रावांच्या पलीकडच्याच गल्लीत दिलेली होती. म्हणजे तो येणार, आणि त्याच्या मनात होकार असणार. नकार द्यायला कुणी घरी येत नाही. राव परतीच्या वाटेवर एकटेच हसत होते.

आता भोगीचं सांगायला हवं. पोंगल म्हणजे तिकडची संक्रांत, तिचा आदला दिवस भोगी. महाराष्ट्रात त्या दिवशी तिळाची भाकरी आणि भोगीची मिश्र भाजी करतात. चेन्नईत त्या दिवशी जुनं जाळतात. पहाटे दारोदार शेकोट्या पेटतात. फाटक्या चटया, झिजलेल्या केरसुण्या, मोडकी सुपं, आणि हल्ली तर लोक टायरसुद्धा टाकतात. एवढा धूर होतो की विमानंही उशिरा उतरतात. रावांच्या घरी टायर कधी जळला नाही. घर सोवळ्याचं. त्यांच्याकडे वर्षाची जुनी झालेली एक लव्हाळ्याची चटई जळायची. भवानीबाई, म्हणजे रावांची बायको, ती चटई गुंडाळून दाराबाहेर ठेवायच्या, तिला हळदकुंकू लावायच्या आणि म्हणायच्या, "अहो, चला." काडी राव लावायचे. लग्नापासून हा क्रम होता.

यंदाही तसंच झालं. पहाटे साडेपाचला भवानीबाईंनी चटई ठेवली. रात्रीच्या दवाने ती दमट झाली होती, काही केल्या पेट घेईना. राव आत गेले आणि कपाटावरचा एक जाड गठ्ठा घेऊन आले. मागच्या वर्षीची पत्रकं. त्यांच्यावर संस्थेचा जुना फोन नंबर छापलेला, म्हणून ती वाटता येत नव्हती. वर्षभर धूळ खात पडलेली. जुनं ते भोगीला द्यायचं, असा विचार करून रावांनी आठदहा पत्रकं चुरगळून चटईखाली सारली. कागद कोरडा आणि गुळगुळीत होता. मस्त पेटला. राव उकिडवे बसून एकेक पत्रक सोडत होते, आणि आज हंबीररावाशी काय बोलायचं ते मनात जुळवत होते.

आपण काय करतो आहोत हे त्यांच्या एकदाही मनात आलं नाही. हसू नका. रोजचा हात जे करतो ते डोकं पाहत नाही. तुमच्या-माझ्या घरीही असंच असतं.

"काय करूलाहांत, सर?"

राव दचकून वळले. गल्लीत रिक्षा उभी होती, तिच्यातून उसाची दोन कांडी बाहेर आलेली. हंबीरराव उतरून उभा होता. स्वच्छ पांढरं धोतर, खांद्यावर पंचा, एका हातात हळदीचं रोप.

"या, या! आत या. आज भोगी ना, म्हणून हे जरा..."

हंबीरराव वाकला. शेकोटीच्या कडेला एक पत्रक अर्धं जळून विझलं होतं. ते त्याने उचललं, फुंकर मारली आणि धरून पाहिलं. वरच्या बाजूला पेटलेल्या शेताचं चित्र आणि त्यावर लाल फुली. खाली मोठ्या तमिळ अक्षरांत "जाळू नका."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"मी शब्द द्यायला आलों होतों," तो सावकाश म्हणाला. "आतां मला विचार करूं द्या."

"हंबीरराव, ही एक चटई आहे. घरची रीत..."

"आमचीही रीतच आहे, सर. आमच्या बापानं लावली, मी लावतों. तुमची एक चटई, माझे अठरा एकर. ज्याचं जेवढं जुनं तेवढं तो जाळतो."

भवानीबाई दारात आल्या होत्या. "आत या हो. कॉफी झालीय."

"नको, अक्का. येतों."

तंजावरच्या माणसाने मैलापुरात पहाटेची कॉफी नाकारली. यावरून काय ते समजा. रिक्षा गेली. रावांनी आतून बादली आणली आणि शेकोटीवर भडाभडा ओतली. फस्स झालं, राखेचे काळे ओघळ दगडांवरून गटारापर्यंत गेले. चटई अर्धी जळलेली, अर्धी भिजलेली, कुबट वासाची, तशीच पडली.

"भोगीचा विस्तव विझवला तुम्ही!" भवानीबाईंच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "आपल्या घरांत असं कधी झालं नाहीं."

"आपल्या घरात बरंच काही कधी झालं नाही," राव म्हणाले आणि आत जाऊन बसले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण त्यांनी शाळेत पाठ केली होती. आज तिचा अर्थ त्यांना दाराशी येऊन कुणीतरी समजावून दिला होता.

दुपारी रंगाचा फोन आला. "सर, चाळीस एकर पक्के ना? नाहीतर उत्तुक्कोट्टैवाले दोन दिवस मागे लागलेत."

हो म्हणून टाकावं आणि मग पाहून घ्यावं, असं रावांना क्षणभर वाटलं. पण सकाळचीच तोंडघशी पडलेली जीभ, तिला आता खोटं बोलवेना. "पक्के नाहीत, रंगा. परवा दुपारपर्यंत थांब. तोवर माझा फोन आला नाही तर तू जा."

"परवा माट्टू पोंगल, सर. गुरांचा सण. त्या दिवशी कोण शब्द देतंय?" रंगा म्हणाला, पण थांबायला कबूल झाला.

दुसऱ्या दिवशी पोंगलचा गूळभात रीतीप्रमाणे उतू गेला, गोड झाला. राव दोन घास खाऊन उठले. तेव्हा त्यांनी भवानीबाईंना संस्थेचं पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"उद्या जाऊन काय सांगणार त्यांना?"

"चुकलं म्हणून."

"एवढंच ना? त्याला पत्रक लागत नाहीं." असं म्हणून त्या उठल्या आणि मागच्या अंगणात वाळत टाकलेली ती अर्धी चटई त्यांनी सुतळीने बांधून ठेवली. "ही घेऊन जाऊं. मीही येते."

"उद्या तुझं कणू आहे."

"तिथंच ठेवीन."

कणू हा बायकांचा विधी, तंजावरच्या मराठी घरांनी तमिळ शेजारणींकडून घेतलेला. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आंघोळीच्या आधी, बहिणी हळदीच्या पानांवर पिवळ्या-लाल भाताचे घास मांडतात. कावळ्या-चिमण्यांनी ते खावेत आणि भाऊ सुखी राहावेत. मग भाऊ बहिणीला सीर देतो. भवानीबाईंना एकच भाऊ होता, वेंकट. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. तरी त्या दरवर्षी गच्चीवर कणू मांडत. कुणासाठी, हे रावांनी कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं नव्हतंच ते.

माट्टू पोंगलच्या पहाटे दोघं सेंट्रलवरून पोन्नेरीची पहिली गाडी धरून गेले. गावात पोचले तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. हंबीररावाच्या अंगणात गाई न्हाऊन उभ्या होत्या आणि तो एका बैलाच्या शिंगाला निळा रंग लावत होता. पलीकडे शेतात पेंढा पसरलेला, कडकडीत वाळलेला. एक काडी पुरली असती.

राव पुढे गेले. चटई त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती, जशी लोक त्यांची पत्रकं धरत.

"हंबीरराव, माझं चुकलं. तीस वर्षं दर भोगीला मीच काडी लावतो. पेंढ्याच्या धुरावर मी तासभर बोलू शकतो, पण त्या चटईचं जळणं मला कधी जाळणं वाटलंच नाही."

हंबीररावाने रंगाची वाटी खाली ठेवली. "मलाही वाटलं नव्हतं, सर. तुम्ही सांगेपर्यंत." त्याने चटई घेतली, उलटीपालटी केली आणि अंगणाच्या कोपऱ्यात शेणाच्या खड्ड्यात टाकली. "पावसापर्यंत खत होईल. या, बसा."

बसणं झालं, कॉफीही आली. रावांना हायसं वाटलं. पण हंबीरराव शेताकडेच पाहत होता.

"रागाचं काहीं नाहीं. पण खरं सांगूं? मला भीति आहे. मशीन नाहीं आलं तर? तुम्ही मैलापुरीं परत जाल. वैक्कोल, हा सगळा पेंढा, इथं माझ्या उरावर राहील. ओल गेली की उडीद गेला. गांव माझ्याकडे बघतो, सर. मी थांबलों आणि फसलों, तर पुन्हां कुणी थांबणार नाहीं."

रंगा दुपारपर्यंतच थांबणार होता. त्यानंतर यंत्र उत्तुक्कोट्टैला जाणार होतं, आणि इथे मागे लागून होकार काढला तर तो होकार टिकणार नव्हता. रावांनी घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात भवानीबाईंनी घरधनिणीला हळूच विचारलं, "कणू मांडायला जागा द्याल? अजून आंघोळ व्हायची आहे."

विहिरीजवळची जागा शेणाने सारवून मिळाली. भवानीबाईंनी पिशवीतून हळदीची पानं काढली, डबा उघडला आणि भाताचे घास ओळीने मांडले. पिवळे, तांबडे, पांढरे. मग हात जोडून बसल्या. कावळे आधीच झाडावर येऊन बसले होते.

हंबीरराव लांबून पाहत होता. जवळ आला. "भाऊ कुठं असतात, अक्का?"

"नाहीं. वेंकट म्हणून होता. नऊ वर्षं झालीं."

"मग सीर?"

"सीर कोण देणार?"

एक कावळा उतरला आणि पिवळा घास घेऊन गेला. हंबीररावाने खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला, जसा वडीलधाऱ्यांपुढे घेतात.

"माझ्या अंगणांत कणू मांडलंत. कावळ्यानं घास घेतला. आतां मी रिकाम्या हातीं कसा पाठवूं? सांगा अक्का, काय देऊं?"

भवानीबाईंनी वर पाहिलं. त्यांनी हे ठरवून आणलं होतं की त्या क्षणी सुचलं, हे रावांना पुढेही कधी कळलं नाही.

"वैक्कोल द्या."

हंबीरराव गोंधळला. "किती?"

"अस्कं."

तंजावरी मराठीत अस्कं म्हणजे सगळं. अठरा एकर. हंबीररावाची बायको पदर तोंडाला लावून हसली. तो मात्र हसला नाही. तो शेताकडे वळला, आणि रावांना त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की हा माणूस आता हिशेब करत नाहीये. तो मागे फिरायचं दार लावून घेतो आहे.

"दिलं," तो म्हणाला. "बहिणीला दिलेलं मग माझं नव्हे. तें मी जाळूं कसा? आणि दुसऱ्या कुणाला जाळूं देऊं कसा?" मग रावांकडे वळून, "तुमच्या मशीनवाल्याला बोलवा, सर. उशीर झाला तरी चालेल. उडीद दोन एकर कमी पेरीन."

रावांनी तिथूनच रंगाला फोन लावला.

रंगा दुसऱ्या दिवशी यायचा तो तिसऱ्या दिवशी आला. यंत्राचा पट्टा तुटला होता. त्या दोन दिवसांत शेजारचा एकजण काड्यापेटी घेऊन बांधावर आला, तर हंबीररावाने त्याला बजावलं, "हें माझ्या बहिणीचं आहे. ठिणगी इकडे आली तर बघ." शेजाऱ्याला त्याची अशी कुठली बहीण आठवेना, पण तो परत गेला. चाळीस एकरांतला पेंढा दोन दिवसांत उचलला गेला. एकट्या हंबीररावाच्या शेतातून पाचशेच्या आसपास गठ्ठे निघाले. ते विकायच्या आधी त्याने रीतसर फोन करून विचारलं, "अक्का, तुमचं वैक्कोल गोठ्यांना देऊं की जॉर्ज टाउनला?" भवानीबाईंनी निम्मं-निम्मं सांगितलं आणि पैसे त्यानेच ठेवावेत असं बजावलं. संस्थेला रावांनी चार ओळींचं पत्र लिहिलं. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात लहान पत्र तेच असावं.

आठवड्याने सकाळी सात वाजता रावांच्या गल्लीत एक छोटा हत्ती टेम्पो येऊन उभा राहिला. हंबीरराव स्वतः उतरला. मागून त्याने एक गोल गठ्ठा उतरवला, घट्ट बांधलेला, सोनेरी, नव्या पेंढ्याच्या वासाचा. त्यावर हळदीचं रोप, उसाचं कांडं आणि एक लुगडं. बरोबर दारासमोर, जिथे भोगीच्या राखेचा काळा डाग अजून पुरता गेला नव्हता, तिथे त्याने तो टेकवला.

"सीर घरपोच द्यायची असते, अक्का," तो म्हणाला. "अस्कं इथं मावलं नसतं. म्हणून एकच आणलं."

भवानीबाई ओल्या हातांनी दारात आल्या. त्यांनी गठ्ठ्याला हात लावला आणि तसाच ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. राव मागे उभे होते. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना काही समजावून सांगावंसं वाटलं नाही.

समोरची शेजारीण गॅलरीतून वाकून पाहत होती. दारात पेंढा कशाला, म्हणून तिने तमिळमध्ये विचारलं.

"सीर आलीय," भवानीबाई म्हणाल्या. "माझ्या भावाकडून."

मग त्यांनी पदर खोचला, हंबीररावाला कॉफीला आत बोलावलं, आणि देवळामागच्या गोशाळेत फोन करून गठ्ठा न्यायला माणूस पाठवा म्हणून सांगायला रावांना बसवलं.